निरोपाची पाटी

रेजिनाताई झिकेलींना मी ओळखत होतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गाव एकच, चर्च एकच, पण त्या खालच्या आळीच्या आणि मी वरच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. त्यांना कुठलं गाणं आवडायचं, नवऱ्यावर जीव होता की नुसती सवय होती, मला ठाऊक नाही. मला त्यांची एक भीती तेवढी ठाऊक आहे. तिच्याबद्दल लिहितो. चुकलं तर सांगायला गावात आता आमच्यातलं कोणी उरलेलं नाही.

आम्ही ट्रान्सिल्व्हेनियातले सॅक्सन, म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी रोमानियात येऊन वसलेले जर्मन. आमच्यात प्रत्येक आळीचा एक 'शेजार' असे. शेजार म्हणजे नुसती भिंतीला भिंत नव्हे. कोणी गेलं की खड्डा शेजाराने खणायचा, पेटी शेजाराने खांद्यावर न्यायची, घरच्यांनी फावड्याला हात लावायचा नाही. बातमीही तोंडी द्यायची नाही. एक लाकडी पाटी होती, बदामाच्या आकाराची, ती दारोदार फिरायची. हातात पडली की ती पुढच्या दारी पोचवायची आणि फावडं घेऊन निघायचं. पाटी कुणाच्या घरी मुक्कामाला ठेवायची नाही आणि एकदा दिलेली परत मागायची नाही, असा कडक नियम.

नव्वद साली लोक जर्मनीला निघाले. एका उन्हाळ्यात खालची आळी रिकामी झाली. रेजिनाताईंचा मुलगा होर्स्टही गेला. नवरा योहान हलायला तयार नव्हता म्हणून त्या राहिल्या. पुढे योहान वारला, तेव्हा दोन्ही आळ्यांची मिळून कशीबशी सहा माणसं जमली आणि त्याला टेकडीवर नेलं. मग त्यांतली खालच्या आळीचीही एकेक करून संपली. पाटी शेवटी आली ती रेजिनाताईंच्या घरी. पुढे देणार कुणाला? ती पिठाच्या पेटीवर पडून राहिली. मुक्काम करून राहिली.

चर्चमध्ये आमचे बाक वयाप्रमाणे ठरलेले. पुढचं कोणी वारलं की मागचे सगळे एक जागा पुढे सरकायचे. पहिल्या बाकावर पोचायला बायकांचं आयुष्य जायचं. रेजिनाताई म्हणायच्या, "मला बघ, कोणी मेलं नाही तरी पहिल्या बाकावर आणून बसवलं. पुढच्या सगळ्या उठून चालत्या झाल्या."

नंतर तर बाकही सुटले. पाद्री शहरातून महिन्यातून एकदा यायचे, आणि आम्ही आसपासच्या गावांतली धरून सात म्हातारी माणसं बाजूच्या खोलीत विजेच्या शेगडीभोवती बसायचो. रेजिनाताई हातमोजे न काढता म्हणायच्या, "एवढं मोठं घर देवाचं, आणि त्यालाच आणून चुलीपाशी बसवलंय."

अशाच एका रविवारी पाद्रींनी सांगितलं की हिवाळ्यापासून इथली प्रार्थना बंद. शहरातल्या चर्चला जायला गाडी येईल. तरुण, भला माणूस. तो आमच्याकडे न बघता शेगडीकडे बघत बोलत होता. "आणि कुणाचं काही झालंच तर काळजी नको. शहरातली कंपनी येऊन सगळं करते. माणसंही त्यांचीच असतात."

"कुणाची माणसं?" रेजिनाताईंनी विचारलं.

"कंपनीची."

दोन दिवसांनी चुलीचं धुराडं साफ करायला म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी शिडीवर चढल्यावर खालून त्यांचा आवाज आला.

"आन्द्रेस, तुमच्या आळीच्या शेजारात मला घ्याल का रे?"

"आमच्या आळीत मी आणि मिशेल उरलोय, ताई. मिशेलला उठायला दोन काठ्या लागतात."

"म्हणजे तुला पुरायलाही कोणी नाही?"

"नाही."

"मग तुला झोप कशी लागते?"

मी काजळी खरवडत राहिलो. खाली त्या एकट्याच बोलत होत्या. "पगारी माणसं. माझं नावसुद्धा कागदावर वाचून घेतील. योहानच्या आईला आम्ही बर्फात नेलं, बाप्यांचे पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते, पण एकानेही खांदा बदलला नाही. आणि मला गाडीत घालून नेणार, बटाट्यासारखं."

मी खाली उतरलो तेव्हा त्या पाटी पुसत होत्या. "पाटी घराला जाते, माणसाला नाही," त्या म्हणाल्या. "घरं तर जागेवर आहेत."

शेजारच्या घरात इलिए मुंते आणि त्याची बायको विओरिका राहत. रोमानियन, ऑर्थोडॉक्स पंथाची माणसं. इतकी वर्षं कुंपणाला कुंपण, पण रेजिनाताई त्यांच्याशी कोंबड्यांवरून भांडण्यापलीकडे कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी काळी ओढणी बांधून त्या इलिएच्या दारी गेल्या, पाटी त्याच्या हातात दिली आणि रिवाजाप्रमाणे एक शब्दही न बोलता परत आल्या.

काही आठवडे गेले. एके दिवशी ताई धापा टाकत माझ्या दारात.

"त्यांनी ती भिंतीवर टांगलीय!"

"काय?"

"पाटी! खिडकीतून पाहिलं मी. पूर्वेच्या कोपऱ्यात, त्यांच्या देवाच्या तसबिरीशेजारी. वर कशिद्याचा टॉवेल. आणि खाली दिवा लावलाय रे! माझ्या मरणाला दिवा लावून बसलेत!"

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते आवरलं. त्या माझ्या पायरीवर बसल्या. "परत मागता येत नाही. संपलं. आता ती फिरायची नाही."

मी मितभाषी माणूस. तरी गेलो. इलिएला सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं, म्हातारीने भांडण मिटवायला काही पवित्र वस्तू दिली. अर्थ कळताच त्याने छातीवर क्रूस काढला, गोठ्यातून फावडं उचललं आणि पळतच रेजिनाताईंच्या घरात शिरला. मागोमाग मी आणि विओरिका.

"कोण गेलं, मावशी?"

"अजून कोणी नाही."

"मग हे फावडं?"

"कोपऱ्यात ठेव. आणि पाय पूस आधी."

इलिए पाय पुसून बसला. ताईंनी त्याला प्लमची दारू ओतली. ती संपवून तो म्हणाला, "खणीन मी. पलीकडच्या घरांत माझे दोन मेहुणे आहेत, खांदा द्यायला आणू. फक्त आमच्या पाद्रीबाबांना काय सांगू?"

"सांग गाय मेलीय."

विओरिका ओढणीआड हसली. त्या दिवशी रेजिनाताईंना मी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसलेलं पाहिलं.

डिसेंबरात त्या अंगणात घसरून पडल्या, खुबा मोडला. होर्स्ट त्यांना जर्मनीला न्यायला गाडी घेऊन आला. ताई पलंगावरून माझ्याकडे एकटक बघत होत्या. होर्स्टला काय सांगायचं ते त्यांनी मला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. मी होर्स्टला बाहेर घेतलं. म्हटलं, तिला इथेच राहू दे, विओरिका बघेल, मी बघीन, शेजार ठरलाय तिचा.

"काका, तिथे दवाखाना दारात आहे," तो म्हणाला. त्याचेही डोळे लाल होते. "गेल्यावर खड्डा कोण खणतं त्यासाठी जितेपणी आईला असं पडू देऊ?"

त्याचं चुकत नव्हतं. हेच मला अजून सोसत नाही.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. ताई गेल्या. दहन झालं. राख एका भिंतीतल्या कप्प्यात ठेवली, स्वच्छ जागा आहे म्हणाला.

"खणलं नाही काहीच?"

"कशाला खणायचं, काका?"

मी इलिएला सांगितलं. त्याने दिवा विझवला, टॉवेल काढला, पाटी उतरवली. पुढच्या दारी त्याचा मोठा मेहुणा, त्याच्या पुढे धाकटा, मग एक कुलूप, मग पुढे सगळी कुलपंच. तिथून पाटी मागे वळली. आम्ही चौघं फावडी घेऊन टेकडीवर गेलो, योहानच्या शेजारच्या मोकळ्या जागेपाशी उभे राहिलो. जमीन दगडासारखी गोठलेली. धाकट्याने टोपी काढून हळूच विचारलं, "पण पुरायचं काय?"

आम्ही फावडी खांद्यावर टाकून खाली आलो. पाटी आता माझ्याकडे आहे. तिची पुढची दारं मला माहीत नाहीत.

होर्स्ट रेजिनाताईंना नेत होता त्या सकाळी मी गाडीपाशी गेलो होतो. मागच्या सीटवर त्यांना उशा लावून बसवलं होतं. काहीतरी बोलावं असं मला फार वाटत होतं. त्यांनीच काच खाली केली.

"आन्द्रेस, परसदाराची कडी नीट बसत नाही."

"बघतो मी."

"ओढू नको नुसती. दार जरा वर उचलायचं, मग लागते."

"उचलून लावीन."