मेन बंद करणारे काका

संध्याकाळी सहाला वाचन संपलं की काका उठायचे, दाराजवळचा मेन स्विच खाली ओढायचे आणि अंधारातच चप्पल शोधायचे. "वीज सुरू ठेवून घरी जाणाऱ्याला झोप कशी लागते, देव जाणे," असं त्यांचं म्हणणं. निवृत्त होईपर्यंत ऑफिसात पस्तीस वर्षं सगळ्यात शेवटी तेच निघायचे. तुमच्याही ओळखीत असे एक काका असतील.

भोईवाड्यात एका चाळीच्या तळमजल्यावर अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं रेकॉर्ड करण्याची खोली आहे. तरुण मंडळी घरीच मोबाईलवर वाचून पाठवायची. काका मात्र रोज खोलीत येऊन जुन्या कॉम्प्युटरवर वाचायचे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मोठ्याने मराठी वाचायचं म्हटलं की माझी जीभ अडखळते. म्हणून दर शनिवारी कॉम्प्युटर बघायचं काम माझ्याकडे. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स होतं. सुरू होताना पेंग्विनचं चित्र दिसायचं, तेवढं काकांच्या लक्षात राहिलं होतं.

"काय गो, तुझ्या पेंग्विनची तब्येत कशी आहे?"

तब्येत बरी नव्हती. मी माईकचा आवाज वाढवून ठेवायची, पुढच्या शनिवारी तो पुन्हा तळाला. आठवडाभराचं रेकॉर्डिंग कुजबुजल्यासारखं. इंटरनेटवर शोधून काळ्या स्क्रीनवर काय काय टाईप केलं. तेच माझ्या लिनक्सच्याच लॅपटॉपवर करून पाहिलं, तर तिथे वाढवलेला आवाज जागचा हलत नव्हता.

मुलांच्या तक्रारी आल्या. काका जोर लावून वाचू लागले. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यात विचारलं, "काका, तह झाला का हो शेवटी? काल लढाईवरच थांबलात." तरी रेकॉर्डिंग बारीकच. शेवटी खोली चालवणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "काका, पुढचा नववीचा इतिहास नव्या मुलांना वाचायला देऊ या का? तुमच्या घशाला आराम."

"बरोबर आहे," काका म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खिशात ज्येष्ठमधाची डबी आली. हातातलं पुस्तक संपलं की ते येणार नव्हते.

मी नेहमी पाचला निघायची. त्या शनिवारी सहापर्यंत थांबले, आणि कॉम्प्युटर चालू असतानाच काकांनी मेन खाली ओढलेला पाहिला.

मला एकदम उलगडलं. नीट बंद केलं तर कॉम्प्युटर जाता जाता आवाज कितीवर होता ते लिहून ठेवतो. काका त्याला लिहायला वेळच देत नव्हते.

पण सांगायचं कसं? मी चप्पल घालता घालता, जमिनीकडे बघत म्हणाले, "काका, आधी तो शट डाउन करायचा. मग मेन. नाहीतर तो आवाज विसरतो."

काकांनी खिशातली डबी चाचपली.

"म्हणजे माझा घसा ठीक आहे?"

"हो."

"मग हा ज्येष्ठमध तू खा." डबी माझ्या हातात आली. "आणि बाईंना तू सांग. मी सांगितलं तर सबब वाटेल."

चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. तरी सोमवारी ऑफिसातून लवकर निघून मुद्दाम गेले आणि अर्ध्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. बाईंनी कपाटातून नववीचा इतिहास काढून काकांपुढे ठेवला.

आता काका नाशिकला मुलीकडे असतात. मला ते आठवतात ते मात्र इतिहास परत मिळाल्यानंतरच्या एका दुपारचे. प्रभादेवीहून एक विद्यार्थिनी आली होती. तिने मोबाईलवर काकांचा धडा लावला, दुप्पट वेगाने. काकांचा ठाय लयीतला आवाज भांडल्यासारखा सुटला.

"हा मी?" काका हसत सुटले. "अगं, मग मी एवढा सावकाश कशाला वाचतो?"

"तुम्ही सावकाश वाचता म्हणूनच पळवता येतं, काका. बाकीच्यांचं पळवलं की नुसता कालवा होतो."

काकांनी चष्मा पुसला आणि पुढचा धडा उघडला. त्या दिवशी ते नेहमीपेक्षाही सावकाश वाचत होते.