उजवीकडे बांगडा, डावीकडे काजू

आमच्या गॅरेजात जुने नटबोल्ट साठतात तसे दादाचे किस्से साठतात. कामाला येत नाहीत, टाकवतही नाहीत. दादा जाऊन दोन महिने झाले. चार दिवसांच्या तापात गेला. गाडीच्या अपघातात गेला असता तर निदान गाडीला लाथा घालता आल्या असत्या! तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. डोक्यात एकच होतं, यंदाच्या शर्यतीत त्याची गाडी पूर्णगडला न्यायची. आणि किल्ली आईने देवघरात ठेवलेली.

*

दादाची गाडी इंग्रज साहेबाच्या काळातली. एका खोताच्या बागेत पडून होती. खोत म्हणाले, "न्या की! पण मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलीय. तिला उठवायचं नाही."

दादाने तिथेच माडाखाली हत्यारं मांडली आणि पुढून इंजिन खोललं. मागे कोंबडी, पुढे दादा! रोज सकाळी हजर. शेवटी पिल्लं बाहेर आली आणि कोंबडीला सोडून दादाच्या मागे धावत सुटली.

खोतांनी हात जोडले. "गाडी ने बाबा, आणि ही पण ने. आता तूच त्यांची आई!"

*

आमच्या आळीतल्या इस्माईलचाचांनी तरुणपणी एका इंग्रज साहेबाची गाडी हाकलेली. "सात वर्षं चालवली, पण मागच्या सीटवर कधी टेकलो नाही," असं सांगायचे. एक दिवस दादाने अदबीने दार उघडून त्यांना मागे बसवलं, मालगुंडपर्यंत फिरवून आणलं. चाचा ताठ बसलेले, नजर सरळ समोर. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं.

गॅरेजशी उतरले, मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाले, "ड्रायव्हर, गाडी सावलीत लाव!"

*

आमची शर्यत भाट्यापासून पूर्णगडापर्यंत. फौजदारांची अट एकच, समोरून एसटी आली की सगळ्यांनी थांबायचं. गेल्या वर्षी पाच गाड्या ओळीने थांबल्या. एसटीवाल्यानेही ब्रेक मारला, खिडकीतून डोकं काढलं.

"काय रे, काय झालं?"

"शर्यत हाय, मामा!" दादा ओरडला.

"मग थांबलात कशाला?"

*

शर्यतीत दादाशेजारी मी. रस्ता मी सांगायचा. पण माझी शाळा चौथीत सुटलेली, लिहिलेलं वाचेपर्यंत वळण मागे जायचं! मग दादाने चित्रांची वही केली. पूर्णगडाकडे जाताना समुद्र उजवीकडे, म्हणून उजवं वळण म्हणजे बांगडा. डावीकडे काजूच्या बागा, म्हणून डावं म्हणजे काजू. सरळ रस्ता म्हणजे कोरं पान. आणि अवघड उतारावर डोळे वटारलेली आई! कारण आई आम्हाला जन्मभर एकच सांगत आली, "हळू हाका!"

मी "आई! आई!" करून बोंबलायचो, दादा ब्रेक दाबायचा. शर्यत संपल्यावर लोक घरी येऊन आईला सांगून गेले, "तुमचा धाकटा भारी भित्रा हो!"

*

यंदा शर्यतीच्या सकाळी देवघरात हात घातला. किल्ली नाही! बाहेर धावलो, तर आई गाडीत बसलेली. माझ्या जागेवर. किल्ली मुठीत.

"मेल्या, एकट्याला सोडायची नाही तुला."

किल्ली घेतली, वही तिच्या मांडीवर टाकली, बांगडा, काजू, कोरं पान, सगळं सांगितलं. तिचं चित्र तेवढं सांगितलं नाही. निघालो. ती नीट सांगत होती, "काजू... बांगडा... परत बांगडा..." मग वही डोळ्यांजवळ धरली.

"ही कोण बया?"

"तू!" मी कचकन ब्रेक दाबला.

उतार गेला. ती चित्राकडेच बघत होती. "एवढी मोठी नथ कधी होती रे माझ्याकडे?"

पण पुढच्या उतारावर तिने बरोबर हाक दिली, "मी आले!" त्याच्या पुढच्यावर, "परत मी!"

मग पान उलटलं. बोटाने नुसती पान चाचपत होती.

"काय आहे, आई?"

"काही नाही. कोरं आहे."

ॲक्सिलरेटरवर माझा पाय अर्धाच दाबलेला. आईने वही मिटून छातीशी धरली, पदर खोचला.

"मग हाण की!"