न्यूट्रलची बचत

“ही गाडी तुमी परत न्या,” बाळासाहेब माझ्या केबिनच्या दारातूनच म्हणाले. “दुसरी शिफ्ट सुटायच्या आत हिचा करंट संपतोय. पुढच्या गाड्यांचं बुकिंगबी कॅन्सल समजा. आमी आपलं डिझेलच घेतो.”

बाळासाहेब मूळचे चिखलीचे शेतकरी. आता त्यांच्या गाड्या चाकणच्या कारखान्यांत लोकांची ने-आण करतात. मी इलेक्ट्रिक गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस इंजिनिअर.

त्यांच्या मागे ड्रायव्हर दिगंबरभाऊ उभे होते. लातूरकडचे, साठीला आलेले. डिझेल गाडीवर सगळ्यांत जास्त ॲव्हरेज काढणारा माणूस म्हणून पहिली इलेक्ट्रिक गाडी त्यांच्या हाती दिली होती. आता स्टँडवरची पोरं त्यांना ‘बॅटरी डाऊन’ म्हणून हाक मारत. गाडी परत गेली असती, तर ते नाव कायमचं चिकटलं असतं.

“उद्याचा दिवस द्या,” मी म्हणालो.

“दिला. पण एक सांगा. वीज तरी कोळशाचीच ना? धूर हितं न्हाई, तर तिकडं.”

“बरीचशी कोळशाचीच,” मी कबूल केलं. “पण इंजिनात निम्म्याहून जास्त इंधन नुसतं उष्णतेत जातं. मोटर तेवढं वाया घालवत नाही. आणि चाकणच्या चौकात गाडी अडकली, तर ही धूर सोडत उभी राहत नाही.”

“व्हय, तेवढं हाय,” ते म्हणाले. “पण पोचली तर पायजे.”

बॅटरी तपासली. ठणठणीत. टायरमधली हवा बरोबर. मग चाक काढलं आणि थांबलो. ब्रेक पॅड, म्हणजे चाकामागच्या तबकडीला आवळून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, पार झिजल्या होत्या. इलेक्ट्रिक गाडीत त्या वर्षानुवर्षं टिकतात. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की मोटरच उलटी जनरेटर होते. गाडी मंदावते आणि तो वेग वीज होऊन बॅटरीत परत जातो. याला आम्ही रिजन म्हणतो. पॅड कमी घासले, की रस्त्यावर त्यांची धूळही कमी उडते.

मग इथे रिजन गेलं कुठे?

नवे पॅड बसवले आणि सकाळी भाऊंच्या शेजारी जाऊन बसलो. मोशीचा उतार लागला. भाऊंनी अगदी हळुवार हाताने गाडी न्यूट्रलला टाकली. पुढे सिग्नल दिसला, पुन्हा न्यूट्रल. मग ब्रेक.

“भाऊ, हे कशासाठी?”

“बचत, साहेब! उतारावर गाडी फुकट पळती. आमच्या उस्तादानं शिकवलंय. जपूनच चालवायलोय की मी.”

मला हसू आलं.

“न्यूट्रलला मोटर सुटी होते, भाऊ. उतारावर बॅटरी भरायची, ती भरतच नाही. आज एक दिवस बचत करू नका.”

“म्हंजे जपायलो, तेच चुकलं?”

“जपणं बरोबर. गाडी वेगळी आहे.”

पुढच्या उताराला त्यांचा हात सवयीने गिअरच्या नॉबकडे गेला. त्यांनी तो उचलून मांडीखाली दाबला. डॅशबोर्डवरचा काटा हिरव्या पट्ट्यात सरकला, म्हणजे बॅटरी भरू लागली.

“आयला,” भाऊ म्हणाले, “ही तर उतारावर कमवायली!”

रात्री दुसरी शिफ्ट सोडून गाडी आली, तेव्हा भरपूर चार्ज शिल्लक होता. बाळासाहेबांनी वाकून डॅशबोर्ड पाहिला. “काय दुरुस्त केलं, साहेब?”

मी काही तरी बोलणार, तोच भाऊ म्हणाले, “मला.”

बाळासाहेब इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. बुकिंग कायम राहिलं. पुढे प्रत्येक नव्या ड्रायव्हरला भाऊच शिकवू लागले. पहिला धडा, हात मांडीखाली.

दिगंबरभाऊ गेल्याला आता वर्ष होईल. मी अजून फोनमधून त्यांचा नंबर काढलेला नाही. परवा तीच गाडी सर्व्हिसला आली. त्यांनीच शिकवलेला ड्रायव्हर ती चालवतो. मी चाक काढून पाहिलं. पॅड त्या दिवशी बसवलेलेच, अजून निम्म्याहून जाड.

सवय सहसा खोटी नसते, ती आधीच्या गाडीची असते. पॅड बदलायची गरज नव्हती. मी चाक पुन्हा बसवलं.