कडीसमोरची जागा

दार करायचे असले की माणूस सुताराकडे जातो. दार अडले की लोहाराकडे येतो. म्हणून सुताराजवळ हौसेच्या गोष्टी सापडतात आणि आमच्याजवळ अडचणीच्या. मी जन्मभर कड्या, कोयंडे आणि आगळी केल्या. गोष्टी गोळा करायला कधी गेलो नाही. भात्याजवळ लोखंडाचा कीस साचतो तशा त्या साचत गेल्या. अक्षरे मी उतारवयात शिकलो, तेव्हा थोडक्यात लिहितो.

काळ अमेरिकेतल्या लढाईचा. तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि आमच्या वऱ्हाडचा कापूस एकाएकी सोन्याचा झाला. काळ्या मातीत राबणाऱ्या माणसाच्या हाती कधी नव्हे तो पैसा आला. त्याचे करायचे काय, हे सांगायला मात्र कोणी आले नाही.

* * *

अमरावतीस माझ्या दुकानी पुंजाजी पाटील आले. कापसाने वर आलेले पहिल्या फळीतले गृहस्थ. म्हणाले, वाड्याच्या दाराला कडी पाहिजे, पण चांदीची.

मी म्हटले, चांदी मऊ असते, हिसक्याला वाकेल. ते म्हणाले, पंचक्रोशीत कोणाच्या दाराला नाही म्हणून तर हवी. चांदी सोनाराने गाळली, घडण माझी. दिवाळीत लोक लांबून पाहायला गेले. आत कोणी जात नसे. बाहेर उभे राहून कडी वाजवत आणि परत फिरत.

होळीच्या आधी कडी चोरीस गेली. घरातली एक वस्तू हललेली नव्हती. चोर आत गेलाच नव्हता. कडी उपटली आणि दार नीट लोटून निघून गेला.

पाटील आता शहाणे होतील असे मला वाटले. ते दुकानी आले, बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "तशीच दुसरी कर. अन् ते कोनी नेऊ नये म्हून तिच्यावर लोखंडाची एक कडी कर."

केली. दोन्ही केल्या.

* * *

पुढे पाटलांनी अकोल्यास रुई दाबायचा प्रेस घातला आणि हंगामापुरते मला तिकडे नेले.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. प्रेस म्हणजे दोन पुरुष उंचीची सागवानी पेटी. वरून रुई टाकायची, माणसांनी पायांनी तुडवायची. मग जाड मळसूत्राच्या, म्हणजे पेचाच्या, दांड्याला माणसे लावून वरची फळी खाली दाबत न्यायची. रुईचा दगड झाला की पेटीचे पुढचे दार उघडायचे आणि गठाणीला दोर आवळायचे. दार उघडायचे म्हणजे त्याची कडी पाडायची. आत रुई दाराला रेटत असते, त्यामुळे कडी हाताने पडत नाही. ती पाडायला घण घेऊन एक माणूस दारासमोर उभा राहतो.

तो माणूस माझा जावई किसन.

पहिल्या दिवशी दाराला साधी लाकडी आगळ होती, घराला असते तशी. किसनने घण घातला. आगळ हलली नाही. पुन्हा घातला. मग ती सुटली, पण सुटताना कोणालाच दिसली नाही. दार आदळल्याचा आवाज झाला आणि आगळ अंगणात बांधलेल्या बैलांच्या पलीकडे, निंबाच्या खोडात रुतलेली.

मी लोखंडात वाढलो. कापसाला भ्यालो तो त्या दिवशी पहिल्यांदा.

मळसूत्रावर गफूर मिस्त्री होता, बऱ्हाणपुराकडचा. त्याने निंबाकडे पाहिले, दाढी खाजवली आणि मला म्हणाला, "चाचा, आज तो सिर्फ आधा दाबा है."

संध्याकाळी माझी मुलगी भागी जेवायला वाढत होती. तिच्या कानावर सगळे आलेले होते. तिने एवढेच विचारले, "बाबा, ते कुठी उभे रायतात?"

मी सांगितले, दारासमोर. तिने तव्यावरची भाकर उलटली. दुसरी बाजू करपेपर्यंत ती काढायचे तिला भान राहिले नाही.

* * *

लाकडी आगळ मी त्याच आठवड्यात फेकली. लोखंडी आकडा केला. एका घावात पडायचा, उडून जायचा नाही. पण दार तसेच उसळायचे.

कडी पाडणाऱ्याचा आमच्याकडे मान असे. हंगामाची पहिली गठाण निघाली की मालक त्याला फेटा बांधत. किसनला तो फेटा फार प्रिय. कामावरही डोक्यावर असायचा. कडीवर घण घालायचा आणि दार येण्याआधी मागे उडी मारायची, ही त्याची रीत. बाजूला उभे राहून ठोकता येते, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, बाजूने तर बायकाही ठोकतील.

एकदा उडीला किंचित उशीर झाला. दार गेले, आणि किसन जागीच उभा. अंगाला ओरखडा नाही. पण डोके बोडके. फेटा दाराने नेला होता आणि पेटीच्या खांबाशी चिणून ठेवला होता.

किसनने मागे वळून गड्यांना सांगितले, "पाहून काय राहिले बे? फेटा काढा माहा."

दुसऱ्या दिवशी तो नवा फेटा बांधून आला. पहिल्यापेक्षा मोठा. भागी दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहत त्याला म्हणाली, "अन् डोस्कं गेलं असतं त हा बांधला कशाले असता?"

* * *

मध्येच पाटलांचे एक सांगतो. आगगाडी नवीन होती. पाटील अकोल्याहून मूर्तिजापूरला कापूस पाहायला निघाले. मूर्तिजापूर आले, गाडी थांबली, पाटील दारापाशी गेले. आतून दाराला काहीच नाही. ना कडी, ना खिटी. त्यांनी ढकलले, काठीने ठोकले, मालक म्हणून आवाज दिला. गाडी सुटली. पाटील बडनेऱ्यास उतरले, तेही कोणी बाहेरून उघडले म्हणून.

दारोदार कड्या बसवणारा माणूस मी, पण मलाही खरे वाटेना. बाहेरची कडी, आणि आत जिवंत माणसे! मी विचारले, खिडकीतून हात बाहेर काढून फिरवता आली नाही का? पाटील चिडले.

"आमी हात भाएर काढायचा? गठानीसारखं भरलं सरकारनं, आता गठानीनंच दोर सोडायचे काय?"

* * *

पाटलांचे हसू आले, पण माझ्या डोक्यात किसनच होता. कडीसमोरून तो हटत नव्हता. मग कडीच बदलायची, असे मी ठरवले.

दोन दातांची कडी केली. पहिला घाव घातला की दार बोटभर सरकते आणि दुसऱ्या दातावर अडते. त्या फटीतून रुई फुगते, जोर निघून जातो. मग दुसरा घाव. दार म्हाताऱ्या माणसासारखे हळू उघडते. गफूरने ती उघडून पाहिली, पुन्हा लावली, पुन्हा उघडली आणि माझा हात हातात घेतला. तेवढे मला पुरे होते.

चार गठाणी नीट निघाल्या. पाचवीला दार पूर्वीसारखेच उसळले. किसन उडी मारून वाचला. मी कडी पाहिली. दुसऱ्या दातात बाभळीची पाचर ठोकलेली होती, म्हणजे दात अडूच नये. गड्यांना विचारले. कोणी वर पाहीना.

किसनच बोलला. "मामाजी, लोकं हासून राहिले. दार एकदा उघडते का दोनदा?"

माझ्या कडीत पाचर, आणि ती ठोकणारा तोच, ज्याच्यासाठी कडी केली! मी घरी गेलो आणि भागीला सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाकरी घेऊन प्रेसवर आली. बायामाणसे प्रेसच्या आत येत नसत. ती सरळ आली, पेटी दाबून तयार होती, आणि ती दारासमोर बसली. जिथे किसन उभा राहतो, बरोबर तिथे. पदर सावरला. फडके सोडले. भाकरी मांडीवर घेतली.

गफूरने दांड्यावरची माणसे थांबवली. पाटील गादीवरून उठले. किसन तिला ऊठ म्हणाला. ती उठली नाही.

"तुमी ठोका," ती म्हणाली. "मी इथीच बसतो."

किसन घण धरून उभा राहिला. सगळे त्याच्या हातांकडे पाहत होते. मग त्याने घण खाली ठेवला, गुडघ्यावर बसला आणि कडीतली पाचर नखांनी उकरून काढली. घणाने काढता आली असती. पण तो घण दाराजवळ न्यायला तयार नव्हता.

भागीने तेवढ्यावर सोडले नाही. त्याने समोरची जागाच सोडावी, असे तिचे म्हणणे. शेवटी किसन कबूल झाला, पण म्हणाला, भरल्या हंगामात नाही; येत्या दसऱ्यापासून. मी पेटीच्या कडीकडच्या बाजूला, दाराच्या झपाट्याबाहेर, एक काळा दगड रोवून दिला. दार उघडले की बिजागऱ्यांकडे फिरते, कडीकडे येत नाही. त्या दगडावर उभे राहून ठोकणाऱ्याला काही होऊ शकत नाही, असे मी सगळ्यांसमोर सांगितले.

* * *

आता खांडेनवमीचे.

त्या दिवशी आम्ही हत्यारांना शेंदूर लावतो, पूजेचा नाडा बांधतो, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी सोने वाटून होईपर्यंत त्यांना हलवत नाही. गेल्या सालची उरलेली रुई पाऊस संपल्यावर दाबायला घेतली होती. अष्टमीला पेटी भरून दाबली आणि दोर संपले. दोर उद्या येतील म्हणून पेटी तशीच ठेवली. दाबलेली.

उद्या नवमी आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. सकाळी गडी आले आणि रीतीप्रमाणे पूजेला लागले. मळसूत्राच्या दांड्याला नाडा. कडीला नाडा, तो किसनने स्वतः बांधला. गफूर मागून आला. पाहून त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, भरलेला प्रेस असा ठेवत नाहीत, आधी मळसूत्र सोडा.

पाटील म्हणाले, "मिस्त्री, पुजलेल्या हत्याराले आमी हात लावत नाही."

मीही तेच म्हटले. लोहारच खांडेनवमीला घण उचलू लागला तर मग राहिले काय? कडी मी पुन्हा पाहिली. दोन्ही दात पक्के. वर्षभर धरून ठेवील, असे सांगितले. ते खरे होते.

गफूर कपाळाला हात लावून निघून गेला. फार दूर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी दसरा. भागी ओवाळायचे ताट घेऊन आली. आज किसन जागा सोडणार म्हणून ती मुद्दाम आली होती. चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी उजेड होता. किसन बिजागऱ्यांकडच्या खांबाला टेकून झेंडूचे तोरण ओवत बसला होता. भागी त्याला म्हणाली, तिकडून उठा, दगडावर उभे राहा, तिथेच ओवाळते. तो म्हणाला, एवढे शेवटचे फूल ओवतो.

तेवढ्यात लाकूड ओरडले. दुसरा शब्द मला सापडत नाही.

बिजागऱ्यांखालचे लाकूड पावसाळाभर भिजून आतून कुजले होते. बिजागऱ्या माझ्या नव्हत्या, हे इथे लिहून ठेवतो. दार बिजागऱ्यांकडून सुटले. कडी सुटली नाही. दार त्या कडीवरच उलटे फिरले आणि कडीच्या बाजूला जाऊन आदळले.

रुई अंगणभर. धूळ बसायला वेळ लागला. रुईच्या ढिगातून किसन उठला, पांढराफटक, हातात तोरण. अंगाला काही नाही.

कडी जशीच्या तशी लागलेली होती. तिच्यावरचा नाडाही तुटला नव्हता. दार काळ्या दगडावर आदळून थांबले होते, आणि दगडाचे दोन तुकडे झाले होते.

भागीने ताट खाली ठेवले. तिने दगड पाहिला आणि मग मला पाहिले.

किसन रुईतून चालत आला आणि माझ्यासमोर थांबला. तो हसत नव्हता. त्याला खरोखरच विचारायचे होते.

"मामाजी, आता सांगा. मी कुठी उभा राहू?"