हायड्रोजन गिळणाऱ्या धातूवाला माझा साडू

माझ्या धाकट्या साडूइतकं मला आजवर कुणीही जाळलेलं नाही, आणि हे त्याच्या गावीही नव्हतं. मी मंचरला ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, एम.एस्सी. आहे, शिवाय त्याच्या आधी सहा वर्षं सासऱ्यांच्या घरचा जावई झालो. तो नुसता डिप्लोमावाला. अवसरी खुर्दला पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी लावून मिश्रधातू ओततो. तरी लेण्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या सासुरवाडीत शास्त्रज्ञ म्हणतात ते त्याला.

भांडं दिसलं की बोटाच्या पेरानं वाजवायचं आणि कान लावून ऐकायचं, ही त्याची खोड. एका मेहुण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर यानं पाणी प्यायच्या आधी तांब्या वाजवला आणि यजमानांना सांगितलं, "यात जस्त लई टाकलंय." आता सोयरीक मोडणार, म्हणून मी मनातून सुखावलो. पण यजमानांनी फडताळातली सगळी पितळी भांडी त्याच्यापुढे आणून मांडली, आणि सोयरीक जमली ती जमलीच.

त्याचा खरा जीव मात्र एका धातूवर. लँथनम आणि निकेल एकत्र वितळवून केलेला हा धातू हायड्रोजन गिळून पोटात ठेवतो. गिळताना गरम होतो, सोडताना गार पडतो. वायू धातूच्या आत बसल्यामुळे प्रचंड दाबाचं सिलिंडर लागत नाही. वाईट एवढंच, की हा धातू भरलेली टाकी उचलताना कंबर धरते आणि आत वायू मावतो जेमतेम मूठभर वजनाचा. हे सगळं मी बारा वर्षं फळ्यावर लिहीत आलो. त्यानं ते हातानं करून दाखवलं. माझं दुखणं हे होतं.

एका उन्हाळ्यात सासुरवाडीला मी मंचरहून बिनझाकणाच्या थर्माकोलच्या पेटीत बर्फ नेला. पोचेपर्यंत त्याचं पाणी झालं. साडूनं अंगणात टाकी ताकाच्या पातेल्यात उभी केली, आमच्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या, तोंडातली पेटती बिडी स्वतःच्या हातानं काढून विझवली आणि वायू सोडला. ताक गार झालं. बिडीला हात लावू न देणारे मामा तीन पेले प्यायले आणि गावभर सांगत सुटले. माझी पेटी कोंबड्यांना पाणी प्यायला ठेवली गेली.

मग पुण्याच्या एका कंपनीची माणसं टाकी बघायला येणार असं ठरलं. "तुमी शिकलेले, तुमी पायजेच," असं म्हणून त्यानं मला शेडवर बोलावलं. पावसाळी, दमट सकाळ होती. पाहुण्यांना आणायला तो हायवेवर गेला आणि मला दिसलं की टाकीचा कॉक उघडा राहिलाय. तयार केलेल्या या धातूला दमट हवा लागली की तो वायू घ्यायचं बंद करतो, हे मला पाठ होतं. मी खुर्चीवर बसून राहिलो. त्याची गाडी वाजली तेव्हा उठून कॉक बंद केला.

पाहुण्यांसमोर त्यानं टाकीला हायड्रोजन जोडला. दाबाचा काटा उतरायला हवा होता, तो हलला नाही. टाकी गारच राहिली. पाहुणे चहा घेऊन गेले.

पुढचे सहा महिने तो चूक शोधत राहिला. निकेल बदललं, भट्टी बदलली, कृश झाला. एक दिवस माझ्या बायकोनं सांगितलं की तो भट्टी विकतोय. त्याच दुपारी मी अवसरीला गेलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

त्यानं वही काढून विचारलं, "किती वेळ उघडा व्हता?"

"अर्धा तास."

त्यानं ते लिहून घेतलं. "म्हंजे माल चांगला व्हता, सर," तो म्हणाला आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. मग वहीतून वर न बघता त्यानं विचारलं, "का नाय लावला?"

मी म्हणालो, "घरात सगळे तुमचंच नाव घेतात."

"अन् मी हिला म्हनायचो," तो म्हणाला, "एकदा सरांनी बरं म्हनावं, मग बाकी कुनी नाय म्हनलं तरी चालंल."

मग आम्ही दोघांनी टाकी तापवली, पंपानं हवा ओढून काढली, पुन्हा वायू दिला. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्या वेळी काटा उतरला. "उत्तम झालंय," मी म्हणालो. हे शब्द त्याला उद्देशून मी पहिल्यांदाच उच्चारले.

भट्टी राहिली, पण आता ती बंद असते. एका कारखान्यानं त्याला हैदराबादला नेलंय. बायकोला वाटतं, तो लांब गेला म्हणून मी जळण्यातून सुटलो. परवा वर्गात एका मुलीनं विचारलं, की पुन्हा पुन्हा वायू भरून या धातूचा भुगा का होतो? पुस्तकातलं उत्तर दिलं, पण तिचं समाधान झालं नाही, आणि माझंही. संध्याकाळी साडूला फोन लावला. कामात होता. रविवारी सावकाश बोलू म्हणाला.

आज शुक्रवार आहे.