आतून मारलेला जोड

ती घटना आठवली की आजही माझी मान ताठ होते. अर्थात सुरुवातीला मीच चुकलो होतो, हेही सांगायला हवं.

सत्तरच्या दशकात मी सेलू भागात फौजदार होतो. तिथल्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात दुरुस्तीनंतर बॉयलर पेटवला आणि वाफेच्या पाइपाचा जोड फाटला. आगवाल्याचे दोन्ही पाय भाजले. मॅनेजरनं फिर्याद दिली की वेल्डरनं काम कच्चं केलं. मी बाहेरूनच पंचनामा उरकला आणि वेल्डरला लॉकअपमध्ये टाकलं. जामीन राहायला कुणी पुढं येईना.

पाइपाच्या टोकाला फ्लँज म्हणजे जाड लोखंडी चकती बसवतात. तिला बाहेरून वेल्डिंग करायचं, तसंच आतूनही. मग दोन चकत्या समोरासमोर ठेवून बोल्ट आवळायचे. एकदा आवळले की आत हात पोचत नाही.

"साहेब, आतून राहिलंय, उद्या मारतो, असं सांगून गेलो होतो मी," वेल्डर सारखा म्हणे.

"इथं येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो," मी दरडावलं.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. ती त्याच कारखान्यात कापूस निवडायची. हवालदार तिला हाकलायला निघाला, तर ही बाई त्याला बाजूला सारून थेट माझ्या टेबलापुढं!

"साहेब, ह्यांच्यावर ठपका बसला तर जिल्ह्यात कुणी काम देणार न्हाई. एवढंच सांगा, हे तुमच्या कोठडीत हायत, मग काल दुपारी त्या पाइपापाशी वेल्डिंग कोण करायलं होतं?"

मी चमकलो. दोन पंच घेतले, कारखाना गाठला आणि तिथल्या फिटरला बोल्ट खोलायला लावले.

मॅनेजर ऐटीत म्हणाला, "बघा साहेब, आतून किती गबाळं काम केलंय!"

मी वाकून पाहिलं. काम गबाळं होतं खरं. पण आतला जोड सगळीकडून शाबूत! बाहेरच्या जोडाला मात्र चवलीचं नाणं आत जाईल एवढी भेग.

"आतून जोड धड आहे, तर मग बाहेर वाफ आली कुठून?" मी मॅनेजरला विचारलं.

 फिटरनं हातातला पाना खाली ठेवला.

"चुकी झाली साहेब. कापसाच्या गाड्या लय खोळंबल्या होत्या. मॅनेजरसाहेब म्हणले, आतलं राहू द्या, आवळा बोल्ट. जोड फाटल्यावर वेल्डरला खोटं पाडायला आतला जोड त्यांनीच माझ्याकडून मारून घेतला."

असा आनंद झाला म्हणून सांगू! वेल्डर सुटला, मॅनेजर त्याच कोठडीत गेला आणि पुढं त्याला शिक्षाही झाली.

या केसनं मला एक शिकवलं. गरीब माणूस तेच तेच सांगत राहिला, तर त्याला पाठ केलेलं खोटं समजू नये. त्याच्याजवळ दुसरं सांगायला काही नसतं. मी वेल्डरची माफी मागितली, आणि तीही सगळ्या ठाण्यासमोर.

पुढं कारखान्याच्या मालकानंच त्याला त्या पाइपाच्या कामाला बोलावलं. वेल्डर म्हणाला, "येतो. पण वाफ कवा सोडायची ते मी सांगणार." मालकानं ते मान्य केलं.

बाहेर गाड्यांची रांग लागली होती. त्यानं दोन दिवस घेतले. एकेक जोड बाहेरून मारला, आतून मारला, तपासला, मगच बोल्ट आवळले. माणसं लांब भिंतीला टेकून उभी होती, मीही त्यांच्यातच. वेल्डर मात्र त्या जोडाला खेटून उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "सोडा वाफ!"