मोजल्याशिवाय उचललेलं पोतं

नांदूरघाटच्या स्टँडवर एसटी उभी होती आणि गफूरचाचा माझी ट्रंक टपावर चढवत होते. चाचा म्हणजे अप्पांच्या भुसार दुकानातले सर्वांत जुने हमाल. ट्रंक चढली, मग त्यांनी व्हायोलिनच्या पेटीला हात घातला आणि मी किंचाळलेच, "ती न्हाई, चाचा!" चौदा वर्षांची होते मी. अंबाजोगाईच्या माझ्या व्हायोलिनच्या सरांनी, आता माझ्याजवळचं संपलं, असं अप्पांना स्वतः येऊन सांगितलं होतं. म्हणून पुण्याला आत्याकडे राहून पुढचं शिकायचं ठरलं. आई धपाट्यांचा डबा हातात धरून रडत होती. अप्पा रडले नाहीत. खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "जमलं न्हाई तर परत ये. दुकान हायच."

त्या एका वाक्याच्या जिवावर मी बत्तीस वर्षं काढली. पुण्यानंतर मुंबई, मुंबईनंतर जर्मनी. जिथं जिथं अपमान झाला, तिथं तिथं मी मनात म्हटलं, मरू दे, दुकान आहे. तुरीच्या पोत्यांवर बसून वाजवीन.

तुम्हा गावी राहिलेल्यांना वाटतं, आम्ही इकडे मजेत आहोत. आणि माझ्यासारखे निघून आलेले सगळेच फोनवर तसंच सांगतात. मीही सांगते. खरं म्हणजे मी थकले आहे. या आठवड्यात इमारतीचा जिना पुसायची पाळी माझी, घरमालकाची नोटीस दारावर, गुडघ्याच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट तीन महिन्यांनी. एकोणीस वर्षं मी इथल्या एका मोठ्या ऑर्केस्ट्रात शेवटच्या रांगेत बसले. पुढे एक माणूस काठी हलवतो, शंभर जण त्या काठीकडे बघतात. काठी हलली की वाजवायचं, थांबली की थांबायचं. अशी नोकरी माणसाला आतून बोथट करते.

आणि मग या वर्षी, शेहेचाळिसाव्या वर्षी, एका छोट्या चेंबर ऑर्केस्ट्रानं मला एकल वादनासाठी बोलावलं. अठरा वादक, पण काठीवाला कोणीच नाही. अप्पांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मंग मालक कोन हाय तितं?" म्हटलं, कोणीच नाही. अप्पा हसले. "बिनमालकाचं दुकान कवा चाललंय का बाई?"

पहिल्या रिहर्सलला अप्पांचंच खरं ठरलं. सुरुवात माझ्याबरोबर सगळ्यांनी करायची होती. मी गज तारांवर ठेवला आणि थांबले. तेही थांबले. मग कोणी आधी, कोणी नंतर, पोत्याला भोक पडून ज्वारी सांडावी तसे सूर सांडले. चार वेळा तेच झालं. त्यांच्यातली सगळ्यांत ज्येष्ठ वादक रेनाटं, साठीची, शांत बाई. ती म्हणाली, "तू आमची वाट बघतेस आणि आम्ही तुझी. तुझा श्वास आम्हाला ऐकू येत नाही."

कसा येणार? सरांनी लहानपणी घोटून घेतलं होतं, वाजवताना श्वासाचा आवाज म्हणजे अडाणीपणा. मी ओठ मिटून वाजवायला शिकले. घरी आले आणि ठरवलं, हे फसलं की परत जायचं. खरं सांगू? ते फसावं असंच मला वाटत होतं. म्हणजे कुणालाही न दुखवता मला दुकानात जाऊन बसता आलं असतं.

त्या विचारातच दुकान डोळ्यांपुढे आलं. दोघं हमाल पोत्याची दोन टोकं धरायचे, तिसरा वाकून पाठ द्यायचा. एक-दोन-तीन कोणी म्हणत नसे. चाचा नाकानं एक दम ओढायचे, सूंऽ, आणि क्विंटलाचं पोतं पाठीवर. मी एकदा विचारलं होतं, "चाचा, तुमी आकडे कावून मोजत न्हाई?" ते म्हणाले, "मोजत बसलं की लई जड व्हतंय, बेटा. दम संगं घेतला की हलकं." सरांनी जे विसरायला लावलं, ते मी त्या दुकानात रोज ऐकत होते. मला माझंच हसू आलं आणि मग बराच वेळ रडू.

दुसऱ्या दिवशी मी कुणाकडे पाहिलं नाही. गज उचलला आणि हमालासारखा नाकानं दम ओढला. अठरा जणांनी तो घेतला आणि आमचा सूर एकदम उठला. रेनाटंनं नुसती मान हलवली.

कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला झाला, म्हणजे आपल्याकडे टळटळीत दुपार. शेजारच्या सुनेनं अप्पांना मोबाइलवर लावून दिला होता. चाचाही येऊन ओट्यावर बसले होते. लोक उभे राहिले, पुढच्या वर्षीचंही बोलणं झालं. हॉलच्या मागच्या बाकावर बसून मी घरी फोन लावला. म्हटलं, अप्पा, जमलं.

 ते म्हणाले, "बरं झालं. मंग आता सांगतो. दुकान म्या गेल्या पाडव्यालाच देऊन टाकलंय."

"सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? जमलं नसतं तर तू कुटं येणार हुतीस?"

वर्षभर ते मला स्वतःच्या गुडघ्याचं निमित्त सांगत होते, त्यामुळे दुकानात जात नाही म्हणायचे. जे दुकान उरलंच नव्हतं, ते त्या म्हाताऱ्या माणसानं माझ्यासाठी उघडं ठेवलं होतं. मला त्यांचा राग आला, आणि त्यांना घट्ट धरावंसं वाटलं. घर म्हणजे परत जायची जागा, हे मी इतकी वर्षं धरून चालले होते. ती जागा आता दुसऱ्याची आहे. माझ्याजवळ उरलंय ते तिथं ऐकलेलं.

फोन ठेवता ठेवता मागून चाचांचा आवाज आला, "बेटा, उचलायच्या आदी दम घेतलास ना? हितं आयकू आला."

हॉल रिकामा झाला होता. मी थकले होते, गुडघा दुखत होता, पेटी नेहमीपेक्षा जड वाटत होती. टोक धरायला दुसरं कोणी नव्हतं. तरी उठण्याआधी मी नाकानं दम ओढला, आणि पेटी उचलली.